दिवेलागणीची हाक

माझ्या वडिलांचा अमेरिकेतला पहिला फोटो आमच्या सबडिव्हिजनच्या, म्हणजे कॉलनीच्या, ग्रुपवर झळकला. कुणाच्या तरी दारावरच्या बेलच्या कॅमेऱ्याने काढलेला. माकडटोपी, तिच्यातून दिसणारे दोन डोळे आणि हातात काठी. खाली लिहिलं होतं, ‘तोंड झाकलेला माणूस, हातात हत्यार, दारं ठोठावतोय. कुणी ओळखतं का?’

मी ओळखत होते. ती टोपी मीच तुळशीबागेतून घेतली होती, आमच्या इथल्या नोव्हाय गावच्या थंडीत त्यांचे कान सांभाळायला.

नुकतीच ऑफिसातून येऊन मी चहाचं आधण ठेवलं होतं. अप्पांच्या खोलीत दिवा दिसला म्हणून ते आत आहेत असं मी धरूनच चालले होते. पण तो दिवा अंधार पडला की आपोआप लागतो. खोली रिकामी होती आणि दाराजवळचे त्यांचे बूटही नव्हते. माझी नववीतली हिमानी वर हेडफोन घालून बसली होती. "आजोबा? आय थॉट ही वॉज विथ यू," ती म्हणाली.

तेवढ्यात ग्रुपवर दुसऱ्या दाराचा व्हिडिओ आला. त्यात आवाजही होता. काठीने ठक ठक, आणि मग अप्पांची खणखणीत हाक, "हाय का कोन घरात?" खाली कुणी लिहिलं होतं की पोलिसांना कळवलंय. त्याखाली कोपऱ्यावरचे मिस्टर डॉयल, ‘माझ्याकडे आला तर मी तयार आहे.’

आमच्याकडे पाहुणा येणार म्हणून तयार असणं म्हणजे पोहे भिजवून ठेवणं. इथे त्याचा अर्थ काय, ते मला इतक्या वर्षांत चांगलं कळलं होतं. सत्यजित, माझा नवरा, कामासाठी दूर ॲरिझोनातल्या चँडलरला गेलेला. गॅस बंद केला आणि कोट न घालताच मी गाडी काढली.

अप्पा हे का करत होते, ते मला ठाऊक होतं. ते आटपाडी तालुक्यातल्या आमच्या वाडीत वाढले. बाहत्तरच्या दुष्काळात वाडीने खडी फोडली, याच देशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली आणि मग एकेक घर बाहेर पडलं. तरणी माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात शिरली आणि कुठल्या कुठल्या शहरांत पांगली. म्हातारी मागे राहिली. त्यांच्यातल्या सोनामावशी घरात वारल्या ते शेजाऱ्यांना वास सुटल्यावर कळलं. तेव्हापासून वाडीने एक रीत पाडली. दिवेलागणीला एकाने दारोदार जाऊन हाक मारायची, घरातल्याने ओ द्यायची आणि ओ आल्याशिवाय हाक मारणाऱ्याने दारातून हलायचं नाही.

पुढे पाऊस आला, कालव्याचं पाणीसुद्धा आलं, पण माणसं काही आली नाहीत. ज्यांना पैसा मिळाला त्यांनी बंगले बांधले आणि कुलपं लावली. आई गेल्यावर तर अप्पा वाडीत एकटेच उरले. तरी ते रोज संध्याकाळी कुलपांसमोर उभं राहून हाका मारत. "कुलपं ओ देतात का हो, अप्पा?" मी फोनवर हसायची. "सवय मोडू नये," ते म्हणायचे.

लेकीच्या घरी राहायला नको, म्हणून ते वर्षानुवर्षं नाही म्हणत आले. मग या पावसाळ्यात अचानक तयार झाले. मी म्हटलं, देव पावला.

आल्या आल्या त्यांनी खिडकीतून रस्ता बघितला आणि विचारलं, "ह्या गावातली मानसं कुठं गेली गं?" मी म्हटलं, सगळी घरात आहेत. त्यांना ते पटलं नाही. गॅरेजचं दार उघडतं, गाडी आत जाते, दार बंद होतं. माणूस असा दिसतच नाही. शेजारचे लोक हिवाळाभर ॲरिझोनाला जातात आणि दिवे लावायला टायमर ठेवतात हे कळल्यावर तर त्यांचा चेहराच उतरला. "दिवा हाय आन् मानूस न्हाई?" त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं.

त्यातच हिमानीला शाळेत आयर्लंडच्या दुष्काळावर प्रोजेक्ट आलं. त्या बेटावर आजसुद्धा दुष्काळाआधी होती तेवढी माणसं नाहीत, असं तिने जेवताना सांगितलं. मी अप्पांना मराठीत सांगितलं, बटाट्याचं पीक कुजलं, लाखो मेले, लाखो बोटीत बसून इकडे आले. अप्पा घास हातात धरून बसले. "पीक दुसऱ्या साली येतं," ते म्हणाले. "गेल्यालं मानूस येत न्हाई." त्यानंतरच ते संध्याकाळी ‘पाय मोकळे करायला’ जाऊ लागले, आणि मी बिनडोकासारखी खूश झाले की चला, रुळले.

डॉयलच्या घरासमोर मी गाडी थांबवली तेव्हा अप्पा पायऱ्यांवर उभे होते. आत टीव्हीचा निळा उजेड पडद्यावर हलत होता. दाराशेजारच्या उभ्या काचेमागे एक सावली होती आणि सावलीच्या हातात काहीतरी लांब, काळं. मला दिसलं. अप्पांना दिसलं नाही, त्यांचा मोतीबिंदू अजून एका डोळ्यात तसाच आहे.

"अप्पा, मागे या! आत्ताच्या आत्ता मागे या!"

"थांब गं," ते वळूनही न बघता म्हणाले. "आत हालचाल हाय, पर ओ देत न्हाई. पडलं-बिडलं असंल." आणि त्यांनी काठी उचलून पुन्हा दारावर मारली.

सावली एक पाऊल मागे सरली आणि ते लांब काळं वर आलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हे दोघं एकमेकांमुळेच अडकलेत. आतला घाबरलाय म्हणून बोलत नाही, आणि तो बोलत नाही म्हणून बाहेरचा जात नाही.

मी दोन्ही हात वर केले आणि हिरवळीवरून चालत गेले. तोंडाला येईल त्या इंग्रजीत ओरडत होते की ते माझे वडील आहेत, म्हातारे आहेत, ती काठी चालायची आहे. "त्यांना फक्त उत्तर द्या! तुम्ही आत आहात, बरे आहात, एवढंच सांगा. ते जातील!"

काही झालं नाही. टीव्हीवर कुणीतरी हसत होतं. अप्पांचा हात पुन्हा वर जायला लागला आणि मी डोळे मिटले. खोटं कशाला सांगू, धावत जाऊन मध्ये उभं राहायचं धैर्य मला झालं नाही.

"आय ॲम हिअर," आतून आवाज आला. मला वाटला होता त्यापेक्षा बराच म्हातारा आणि चिरका. मग पुन्हा, मोठ्याने, "आय ॲम इन हिअर! आय ॲम ओके!"

अप्पांनी काठी खाली टेकली. "काय म्हनतोय?"

"आहे म्हणतोय. बरा आहे म्हणतोय."

"मग चल," ते म्हणाले आणि सावकाश पायऱ्या उतरले.

तेवढ्यात कोपऱ्यावर पोलिसांची गाडी येऊन थांबली. निळे-लाल दिवे बघितल्यावर अप्पांचा व्हिसा, आमचं अडकलेलं ग्रीन कार्ड, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. ऑफिसर सभ्य होता. त्याने नाव लिहून घेतलं, कारण विचारलं, माझं उत्तरही लिहून घेतलं. ही टोपी नको, दारं नकोत, कुणाचा तरी जीव जाईल, असं म्हणाला आणि गेला.

घरी आल्यावर मी अप्पांवर तोंडसुख घेतलं. "गोळी घातली असती त्याने! कळतंय का? बॉडी कुठून कुठे नेली असती मी?" ओरडता ओरडता मला रडू फुटलं. हिमानी जिन्यावर येऊन उभी राहिली. अप्पा टोपी मांडीवर घेऊन बसले होते.

"डॉयल इज आयरिश, आय थिंक," ती हळूच म्हणाली. मी ते अप्पांना सांगितलं, कशासाठी कोण जाणे.

"म्हंजे तिकडनं गेल्यालं हितं आलं," अप्पा म्हणाले. "आन् हितंबी दार लावून एकलंच बसलं."

"अप्पा, इथे कुणी कुणाच्या दारात जात नाही. गरज पडली तर फोन करतात."

"फोन करायला हात हालाय पायजे, नीले." त्यांनी टोपीची घडी घातली, मोडली. "आषाढात मी न्हाणीत पडलो हुतो. उठाय येत नव्हतं."

"कधी? मला तर म्हणालात सर्दी झाली होती."

"रात गेली, दिस गेला, आनखी एक रात गेली. दिवेलागन झाली की कान दाराकडं लागायचं. ठावं हुतं की हाक मारनारा मीच, आन् मी तर हितं पडल्याला. तरीबी लागायचं." त्यांनी टोपी बाजूला ठेवली. "एक मेंढका पानी मागाय आला म्हनून वाचलो. म्हनून तुझ्याकडं आलो. न्हाईतर लेकीच्या दारात कशाला आलो असतो?"

दर रविवारी फोन करणारी गुणी लेक मी. आणि माझा बाप वाडीतल्या सगळ्या कुलपांची विचारपूस करून स्वतः ओल्या फरशीवर पडून होता.

आता आमच्याकडे ठरलंय. अप्पा बाहेर जात नाहीत. मी ऑफिसातून आले की गॅरेजमधून आत शिरत नाही, गाडी रस्त्यावर लावते आणि पुढच्या दाराशी उभी राहते. त्यांच्या खोलीत दिवा लागलेला असतो, पण तो आपोआप लागतो.

"अप्पा, आहात का घरात?"

पहिल्या दिवशी आतून काही आलं नाही. मी पुन्हा हाक मारली, मग तिसऱ्यांदा, किंचाळूनच. तेव्हा आतून काठीचा आवाज आला. "हाय गं, हाय! हाक मारल्यावर दम धरायचा असतो. म्हाताऱ्या मानसाला उठाय येळ लागतो."

तेव्हापासून मी एकदाच हाक मारते आणि दम धरते. थंडीने बोटं बधिर होतात, समोरून डॉयलची गाडी हळू होऊन पुढे जाते. आणि त्यांची ओ येईपर्यंत मला जी भीती वाटते, तेवढी त्या काचेमागच्या बंदुकीचीही वाटली नव्हती.