डाव्या पायाची करंगळी

बिराप्पानं पितळी परात पायानंच पुढं सारली.

“काढ की मोजे. का त्येबी बायकोनंच काढायचे?”

मांडवात हशा पिकला. चौरंगावर बसलेल्या महांतप्पांनी पाय आत ओढून घेतले. शेजारी नीलम्मा बसली होती. तिच्या पदराला आणि त्यांच्या शेल्याला गाठ मारलेली होती.

“पायाला लागलंय,” ते म्हणाले. “वरनंच घाला पानी.”

“मोज्यावरनं? मग उद्यापास्नं म्याबी सदऱ्यावरनं आंघोळ करतो.”

पुन्हा हशा. निकिता परातीपाशी गुडघे टेकून बसली होती. हातातल्या तांब्यातलं पाणी कोमट होऊन गेलं होतं. तिच्या वडिलांची, अप्पांची साठी होती आणि त्यांचे पाय धुण्याचा मान तिचा होता. घरात मुलगा नाही, तेव्हा हा मान लेकीला द्यायचा की बिराप्पाकाकाच्या नागप्पाला, यावर सकाळी अर्धा तास वाद झाला होता. शेवटी स्वामींनीच लेकीला बसवलं, मंत्र सांगितले आणि दुसऱ्या गावी लग्न आहे म्हणून ते निघून गेले. पाय धुऊन झाले की मग पाव्हणे रांगेनं पाया पडणार होते. रांग लागलीही होती. टॉवेल, टोप्या, नारळ हातात घेऊन माणसं उभी होती आणि मागून जेवणाचा वास येत होता.

“वीस दिस झाले, मोजे उतरवत न्हाईत,” नीलम्मा पुढच्या बायकांना सांगत होती. “निजतानाबी. शुगरनं पाय गार पडतेत म्हनं.”

“नवरा गार पडला म्हन की, नीलाक्का.”

नीलम्मा हसली. तिला हसावंच लागलं.

“नागप्पा, काढ रं,” बिराप्पा म्हणाला.

नागप्पा डाव्या हातात मोबाइल धरून सगळ्याचा व्हिडिओ काढत होता. मोबाइल खाली न ठेवता तो वाकला आणि उजव्या हातानं अप्पांच्या उजव्या पायाचा मोजा त्यानं ओढला. मोजा टाचेवरून सुटला, बोटांपाशी अडकला. त्यानं हिसका दिला. अप्पांनी दोन्ही हातांनी चौरंगाच्या कडा धरल्या.

पाचही नखं सोलल्यासारखी झाली होती. मुळाशी रक्त सुकून काळं पडलं होतं, आणि मोज्याबरोबर खपली निघाल्यामुळं अंगठ्यातून ताजं रक्त परातीत टपकलं.

“अगाई गं!”

“शुगरवाल्याचे पाय आसंच व्हतेत. आमच्या मामाचं बोटच काढलं.”

“बुरशी आसंल ती. कडुनिंबाचा पाला लावा.”

मांडवातला सूर एकदम मऊ झाला. रांगेतल्या दोघा-तिघांनी च्यक्‌ च्यक्‌ केलं. निकिताला मात्र वेगळं दिसत होतं. गेली नऊ वर्षं ती घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवत होती, मुलींना शिकवत होती. नखांवरचे ते गडद लाल कण रक्ताचे नव्हते. ते जेल पॉलिश होतं. तिच्या फडताळातली अडतीस नंबरची बाटली. जेल दिव्याखाली धरून पक्कं झालं की ब्लेडनं निघत नाही, नखाचेच पापुद्रे निघतात. नखांच्या मुळाशी रंगाच्या आत जेमतेम रव्याएवढी कोरी जागा वाढली होती. म्हणजे तीन आठवडे. तीन आठवड्यांपूर्वी ती मुरूमला नवरी सजवायला गेली होती आणि रात्री मुक्कामाला राहिली होती. परत आल्यावर बाटली जागेवरच होती. बाटलीचं तोंड मात्र स्वच्छ पुसलेलं होतं. तिच्या हाताखालच्या मुली तोंड कधीच पुसत नसत, म्हणून तिनं त्यांना ती बाटली दाखवून शाबासकीही दिली होती.

तिनं मान वर केली. अप्पा तिच्याकडं बघत नव्हते. ते परातीतल्या पाण्याकडं बघत होते.

दिवाळीच्या आधी एक माणूस पार्लरच्या दारात आला होता. चाळिशीचा असेल. चपला बाहेर काढून, आवाज खाली ठेवून त्यानं विचारलं होतं, ‘नखं करून देता का?’ दोन गिऱ्हाइकं बसलेली होती. निकिता मुद्दाम मोठ्यानं म्हणाली होती, ‘दाढीचं दुकान पलीकडं हाय, दादा.’ तो गेल्यावर तिनं त्याच्या चालण्याची नक्कल करून दाखवली होती, कंबर जरा जास्तच वळवून. दोघी हसून हसून खुर्चीतून घसरायच्या बाकी होत्या. अप्पा दाराशी पेपर वाचत बसले होते. तेही हसले होते.

“आता दुसरा,” बिराप्पा म्हणाला.

“राहू दे काका,” निकिता म्हणाली. “जखमा आहेत. एकाच पायाची पूजा करते.”

“एका पायाची पूजा लंगड्याची आसती. माझा भाऊ आजून दोन पायांवर हाय.”

“मी घरात नेऊन धुते. मलम लावून आणते.”

“बघा, डॉक्टरीनबाई! भुवया कोरनारी डॉक्टरीन!”

नागप्पानं तोवर डावा मोजा ओढला होता.

चार नखं तशीच सोललेली. पाचवं, करंगळीचं, शाबूत होतं. गडद लाल, गुळगुळीत. रंगाला कुठं ओघळ नाही, कातडीला कुठं डाग नाही. मांडवाच्या फटीतून आलेलं ऊन त्या एवढ्याशा नखावर चमकलं.

“नखाला रंग हाय की वो!” पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली. तिनं सहज, नवल वाटून म्हटलं होतं. पण मागच्यांनी माना उंचावल्या. नागप्पानं मोबाइल खाली नेला, करंगळीच्या अगदी जवळ.

“ह्ये काय रं, महांत्या?”

“मीच लावलं ते,” निकिता म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज फार चटकन आल्यासारखा वाटला. “नवीन शेड आली होती. अप्पा झोपले होते, बघितलं लावून. उतरवायचं राहिलं.”

मग नागप्पा फिस्सकन हसला आणि सगळा मांडव हसायला लागला.

“बापालाच गिऱ्हाईक केलं!”

“पैसे घेतले का न्हाईत, निकिता?”

“आता भुवयाबी कोर त्याच्या, साठीची भेट म्हनून!”

हसणं साधं होतं. त्यात आता विष नव्हतं. नीलम्मानं कपाळावर हात मारून घेतला आणि ‘कारटी’ म्हणाली. बिराप्पासुद्धा मिशीत हसत होता. निकितानं घाईनं ताटातलं कुंकू चिमटीत घेतलं. दोन्ही पायांच्या बोटांना कुंकू लागलं की सगळीच बोटं सारखी दिसणार होती. तिनं डावा पाय हातात घेतला.

“न्हाई,” अप्पा म्हणाले. “तिनं न्हाई लावलं.”

“अप्पा, गप बसा.”

“म्या लावलंय. समद्याच बोटांना लावलं व्हतं. ह्येवढं एक ऱ्हायलं.”

ते ओरडले नव्हते. एकोणतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं बोलायची सवय होती, तसंच बोलले. रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसालाही ते ऐकू गेलं.

स्वयंपाकाच्या बाजूला कुणीतरी पातेल्यावर झाकण ठेवलं.

“लहानपनी आईच्या बांगड्या घालून बसला व्हता ह्यो,” बिराप्पा रांगेला सांगावं तसा बोलू लागला. “आईनं उलथनं तापवून मनगटावर ठिवलं. म्याच धरला व्हता ह्याला. वाटलं, उतरलं आसंल.” मग तो भावाकडं वळला. “साठ वर्सांचा झालास. कमीत कमी आज तरी पोरीच्या आड लपायचं. ती लपवत व्हती की तुला. तेवढीबी अक्कल न्हाई?”

निकिता अप्पांच्या मनगटावरच्या जुन्या डागाकडं बघत होती. तो डाग स्टोव्हचा आहे असं तिला लहानपणापासून माहीत होतं.

नीलम्मानं शेल्याची गाठ हातात घेतली. नवं रेशीम, गाठ आवळून बसलेली. नखांनी सुटेना. तिनं वाकून ती दातांत धरली, सोडवली, पदर मोकळा करून झटकला आणि उठून बायकांत जाऊन बसली. तिला कुणी जागा करून दिली नाही. ती कडेला, सतरंजीच्या बाहेर बसली.

“जेवन निवायलंय,” मागून कुणीतरी म्हणालं.

रांग तिथल्या तिथं विस्कटली. पाया कुणी पडलं नाही. जाता जाता माणसं आहेर मात्र ठेवून गेली, नीलम्मा उठून गेली होती त्या रिकाम्या पाटावर. नारळ गडगडत परातीजवळ आला, तो एकानं चपलेच्या टोकानं अडवून पुन्हा आहेरात सारला. नागप्पा मोबाइलवर काहीतरी टाइप करत होता.

“पंगतीत फिरायचं आसंल तर ते पुसून ये,” बिराप्पा जाताना म्हणाला. “न्हाईतर घरात बस. म्या बघतो लोकांचं.”

निकितानं अप्पांचा हात धरून त्यांना पुढच्या खोलीत आणलं. गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसवलं. आधी जखमा स्वच्छ करून मलम लावलं, मग कापसाची पट्टी. एकेक करून नऊ बोटांना पट्ट्या बांधल्या. समोरच्या आरशात अप्पांच्या कपाळावरचे भस्माचे पट्टे दिसत होते. घामानं ते ओघळले होते.

“मला विचारायचं तरी, अप्पा.”

“दिवाळीत ईचारनारच व्हतो.”

तिनं उरलेली पट्टी रिळावर नीट गुंडाळून ठेवली.

“हे ब्लेडनं निघत नाही,” ती शेवटी म्हणाली. “वरची चमक कानशीनं घासायची. ॲसिटोनमध्ये कापूस भिजवून नखावर ठेवायचा, वरून फॉइल गुंडाळायची. आपोआप सुटतं.”

“किती येळ लागतो?”

“पंधरा मिनिटं.”

“पंधराच?”

त्यांनी पट्ट्या बांधलेल्या पायांकडं बघितलं. एकदा उजव्या, एकदा डाव्या.

“आता करतीस का?”

“ह्या बोटांना नाही जमायचं. जखमेवर ॲसिटोन गेलं तर आग होईल. भरल्यावर बघू. उद्या आधी दवाखान्यात जायचं.”

“मग ह्येवढं काढ.”

“ते राहू दे, अप्पा. मोजा घातला की कुणाला दिसतंय?”

“बिराप्पा मोजा काढून बघंल.”

“मग नका जाऊ बाहेर.”

“दीडशे मानूस जेवायलंय माझ्या दारात. मालकानं ‘सावकाश होऊ द्या’ म्हनायला पायजे.” मग थोडं थांबून ते म्हणाले, “तुझी आई तिथं एकली बसली हाय.”

निकितानं छोट्या स्टुलावर बसून डावा पाय मांडीवर घेतला. टेबलावरचा दिवा करंगळीवर वळवला. मुलींचं काम तपासताना ती असंच करायची, आणि मुलींसारखेच अप्पा श्वास रोखून बसले.

“कसं लागलंय?”

तिनं पाय थोडा फिरवून बघितला. “कडेला केसाएवढी जागा सोडलीय. टोकावरूनही ब्रश फिरवलाय. बेस कोट लावला होता?”

“तू पोरींना सांगत व्हतीस. आधी त्यो लावायचा, मग रंग पातळ पातळ दोनदा. पडद्याआडनं ऐकायचो.”

“दोन नाही, तीन हात दिलेत तुम्ही.”

“एक जास्ती झाला.”

“चांगला झालाय. माझ्याकडच्या पोरींत फक्त राजनंदिनीला असं येतं.”

“ती कोन? जाड भिंगाच्या चष्म्याची?”

“हो.”

अप्पांनी मान डोलावली. “हात हलका हाय तिचा,” ते म्हणाले. मग पाय जरा पुढं केला. “काढ आता.”

तिनं कानस घेतली. वरची चमक गेली आणि नख फिकट, धुरकट दिसायला लागलं. भिजवलेला कापूस ठेवला. घरातून पोळ्या गुंडाळायची फॉइल आणली होती, तिचा तुकडा करंगळीभोवती दाबून बसवला. ॲसिटोनचा वास खोलीभर पसरला. बाहेर दुसरी पंगत बसत होती. बिराप्पा मोठमोठ्यानं आग्रह करत होता, “घ्या की हो, साठी काय रोज येती का?” आणि त्यावर कुणीतरी काहीतरी पुटपुटलं, तशी अख्खी रांग हसली.

अप्पांनी डोळे मिटले होते. त्यांची टाच तिच्या तळव्यात होती.

“निघालं का?”

“अजून नाही.”

पंगतीत भात फिरला, वरण फिरलं. नीलम्माचा आवाज मात्र एकदाही आला नाही. निकितानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. सतरा मिनिटं झाली होती. तिनं फॉइलचं टोक हळूच उचललं. रंग कडेनं सुटून वर आला होता, आख्खा, सालीसारखा. काडी लावली असती तर एका तुकड्यात निघाला असता.

“बघ की, निघालं आसंल.”

तिनं फॉइल पुन्हा दाबून बसवली, आणि वर आपला हात ठेवला.

“अजून नाही,” ती म्हणाली.