उमाबाईचं पातळ

शिवगंगानं परसात मक्याच्या भरड्याची पाटी उपडी केली आणि कोंबड्यांनी मान खाली घालायच्या आत लिंबाचं अख्खं झाड खाली उतरलं. चिमण्या, साळुंक्या, होले, आणि सगळ्यांच्या मागून, मानाच्या पावण्यासारखा सावकाश, कावळा. कोंबड्या मुकाट बाजूला सरल्या. घरच्यांनी पंगतीतून उठावं आणि वाटसरूंनी पानावर बसावं, तसली तऱ्हा.

"खावा," शिवगंगा म्हणाली. "तुमच्याच आज्ज्यानं पेरली व्हती मका."

तिच्या अठरा कोंबड्या होत्या आणि त्यातली एकही विकतची नव्हती. अंडी उजेडाला धरून पारखायची, खुडूक कोंबडीखाली ठेवायची, मुंगसाला दारातून परतवायचं, असं करत तिनं त्या वाढवल्या होत्या. शेत लेकाच्या नावावर गेलं होतं, चूल सुनेच्या हातात. आता तिचा शब्द ऐकणारे एवढेच अठरा जीव उरले होते, आणि तेही जायच्या बेतात होते. महिनाभर पुरायचं भरड्याचं पोतं बारा दिवसांत तळाला लागलं, तेव्हा रणधीरनं, तिच्या लेकानं, जेवता जेवता सांगून टाकलं, की पंधरा दिवसांनी सगळ्या कोंबड्या लोहाऱ्याच्या बाजारात विकायला न्यायच्या. गावच्या पाखरांसाठी आपण धर्मशाळा काढलेली नाही.

त्याला एका दमात एवढं बोलता येतं, ह्याचंच तिला नवल वाटलं.

उपाय त्यानंही केले होते, आणि ते बघून पोराला शाळेत घातल्याचा तिला पस्तावा झाला होता. आधी त्यानं सीडीच्या जुन्या चकत्या दोरीला टांगल्या. चिमण्या त्यात तोंड बघून पंख नीट करायला लागल्या. मग मोबाइलवर ससाण्याचा आवाज लावून तो खुराड्यावर ठेवला. पाखरं जागची हलली नाहीत; कोंबडा तेवढा भिऊन घरात पळाला आणि पिठाच्या डब्यात शिरला. सून अर्पिता म्हणाली, आत्या, दाणा पसरूच नका, खुराड्यात भांडं ठेवा. शिवगंगानं पाटी उचलून परसाची वाट धरली. कोंबडी उकरून खाते. तिला भांड्यात वाढायचं, तर मग हात धुवायला तांब्याही द्यावा.

शेवटी बुजगावणं तिनं स्वतः केलं. दोन बांबू, वर मडकं, आणि अंगावर आपलं रोजचं हिरवं पातळ. तिची नजर फिरली की मारका बैल मान खाली घालायचा, तिथं पाखरांची काय कथा.

सकाळी दार उघडून बघते तर बुजगावण्याभोवती रोजच्या दुप्पट गर्दी. वर्षभर हेच हिरवं पातळ दाणा टाकायला येत होतं. पाखरं त्याच्या पायाशी बसून वाट बघत होती.

अर्पितानं तोंडाला ओढणी लावली.

"हासू नगंस," शिवगंगा म्हणाली. "तुजी वढनी बांदली असती, तर त्यांनी तुला नावानं हाक मारली असती."

तेवढ्यात भिंतीपलीकडं पत्र्याचा डबा वाजला. पलीकडं थोरली जाऊ, उमाबाई. वाटण्या होऊन वीस वर्षं झाली होती आणि मधे छातीएवढी भिंत होती. उमाबाईच्या अंगणात कुरडया वाळत होत्या आणि त्यावर एक पाखरू नव्हतं. ह्या बाईनं जन्मात कुणाला घोटभर ताक दिलं नव्हतं, चिमणीला दाणा कुठला देणार. डबा बडवून, खडे मारून, घसा फोडून ती तिकडचं सगळं इकडं लोटायची. पाखरंही एवढी शहाणी, की भिंतीवर तिचं डाळिंबी पातळ नुसतं दिसलं तरी लिंबाच्या मागल्या फांदीला जायची.

शिवगंगा ते बघत राहिली.

चार दिवसांनी जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई आली. उमाबाईनं आपलं ते रोजचं डाळिंबी पातळ देऊन एका चाळणीसाठी घटकाभर घासाघीस केली. भांडेवाली गल्लीच्या तोंडाशी गेल्यावर शिवगंगानं तिला गाठलं, आपलं जरीचं धडकं पातळ पुढं केलं आणि बदल्यात ते विटकं मागितलं. भांडेवालीनं दोनदा विचारलं, मावशी, तब्येत बरी हाय नव्हं.

बुजगावण्याला उमाबाई नेसवली. दोन दिवस पाखरू उतरलं नाही. तिसऱ्या दिवशी एक साळुंकी मडक्यावर येऊन बसली, चौथ्या दिवशी सगळा लिंब खाली. तोंड नसलेली उमाबाई कवडीच्या कामाची नाही, हे पाखरांनाही कळलं. बाजार तीन दिवसांवर आला होता.

पाचव्या सकाळी उमाबाईला भिंतीवरून आपलं पातळ दिसलं. ती फाटकातून आत आली ती थेट बुजगावण्यापुढं.

"शिवगंगे, ह्ये माजं पातळ हाय."

"असंल."

"माजं बुजगावणं केलंस व्हय? गावात तोंड कुठं दावू म्या?"

"तोंडाचंच आडलंय बगा, अक्का. बाकी समदं जमलंय."

मग उमाबाईचा आवाज चढला. सासूच्या पाटल्या निघाल्या, विहिरीवरची पाळी निघाली, कुणाच्या लग्नात कुणाला आधी कुंकू लावलं तेही निघालं. हात वर जायला लागले, आणि लिंबावरचा थवा भर्रकन उठून माकणी गावाच्या वाटेला लागला.

शिवगंगानं वर बघितलं. मग शांतपणे पाटी उचलली आणि भरडा पसरला. अठरा कोंबड्या निवांत उकरून खात राहिल्या. एक दाणा चोरीला गेला नाही. मधेच उमाबाई दम घ्यायला थांबली, तशी शिवगंगा म्हणाली, "आन पाटल्यांचं काय म्हनत व्हता तुमी?"

पातळ काही तिनं दिलं नाही. उद्या या, म्हणाली.

उमाबाई उद्या आली. परवाही आली. रणधीरनं पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बघितला आणि बाजाराला एकटाच गेला.

"देऊन टाका की आत्या त्येंचं पातळ," अर्पिता म्हणाली. "रोज किती बोलायलेत त्या."

"दिऊ की. कोंबड्या म्हाताऱ्या झाल्यावर."

आणि एका सकाळी उन्हं परसात आली तरी उमाबाई आली नाही. गुडघा धरला होता म्हणे. लिंबावर गर्दी जमत होती. शिवगंगा पाटी कमरेवर घेऊन भिंतीला खेटून उभी राहिली आणि पलीकडं नीट ऐकू जाईल अशा बेतानं सुनेला म्हणाली, "अर्पिता, ह्ये पातळ अक्कांच्या जावयानं घेतलेलं म्हनं. तरीच पैल्या धुन्यात इटलं."

पलीकडं कडी वाजली. शिवगंगानं पाटीत हात घातला.