पोटात उरलेली वीज

मित्रांनो, दुरुस्तीच्या दुकानातल्या खिडकीत पडलेलं, पोट फुगलेलं हे नळकांडं म्हणजे मी, एक जुना कपॅसिटर. वीज पोटात साठवायची आणि मागितली की ओतायची, हे माझं काम. एका वेल्डिंग मशीनमध्ये मी उमेदीची वर्षं काढली. शेजारी कॉइल होती, तारेचं वेटोळं. विजेनं जरा चाल बदलली की हिच्या कपाळावर आठी. दुसरा शेजारी रेझिस्टर. विजेची वाट अडवायची आणि स्वतः तापायचं, असा त्याचा स्वभाव. मशीन बंद केलं की माझ्या पोटात उरलेली वीज तोच हळूहळू रिकामी करायचा. त्याचं कौतुक कुणी केलं नाही. मीसुद्धा नाही.

एके दिवशी तो आतून जळून तुटला. हूं की चूं केलं नाही. पुढे मशीनही बंद पडलं आणि मालकानं ते या दुकानात आणलं. इथे सासरे आणि सून मिळून काम करतात. मशीन सुरू होतं का ते पाहायला सासऱ्यांनी ते क्षणभर विजेला लावलं, मग प्लग काढून झाकण उघडलं. तेवढ्यात मी गळ्यापर्यंत भरलो होतो, आणि मला रिकामं करणारा तर उरला नव्हता.

त्यांची बोटं माझ्याकडे येऊ लागली. मी फार घाबरलो. एक स्पर्श, आणि माणूस जागच्या जागी गेला असता. मला तोंड नाही, ओरडणार कसा?

तेवढ्यात सुनेला रेझिस्टरवरची काळी चीर दिसली.

"बाबा, हात मागे घ्या."

"अगं, प्लग काढलाय. मी काय आज शिकतोय का?"

"तरी घ्या."

तिचा आवाज ऐकून बोटं माझ्यापासून बोटभर अंतरावर थांबली. तिनं वायरी जोडलेला बल्ब आणला आणि वायरींची टोकं जपून माझ्या दोन्ही टोकांना टेकवली. प्लग काढलेल्या मशीनवर बल्ब लख्ख पेटला, मग विझला. सासऱ्यांनी भिंतीत एक खिळा ठोकला. म्हणाले, "पोरी, तो बल्ब इथेच टांग. माझ्या हाताशी."

मशीनमध्ये माझ्या जागी नवा कपॅसिटर आला, रेझिस्टरही नवा आला. बल्ब अजून खिळ्याला आहे.

मित्रांनो, प्लग काढला म्हणून कुठलंही यंत्र उघडू नका, ते जाणत्यांचं काम. आणि मुकाट राबणाऱ्याची अधूनमधून विचारपूस करत जा. माझा शेजारी गेला ते कुणालाच कळलं नव्हतं. सुनेला ती चीर दिसली नसती तर कळलं असतं, पण एका घरातला माणूस गेल्यावर.