पुठ्ठ्याचा तुरुंग आणि दुसरा मजला

मी एक तुरुंग बोलतोय. घाबरू नका, पुठ्ठ्याचा आहे. माझ्यात आजवर एक झुरळ सोडलं तर कोणी कोंडलं गेलेलं नाही, आणि तेही आपण होऊन आलं होतं.

आमच्या उरुग्वेत, नदीकाठच्या एका गावात, बायकांचा जुना तुरुंग सोडून नवा बांधायचं ठरलं. त्याचा नमुना म्हणून वास्तुकार लुदमिलाबाईंनी मला घडवलं. बाई मनाच्या हळव्या. तुरुंगात माणूस बरं होऊन बाहेर पडलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी मला मोठ्या खिडक्या दिल्या, स्पंजाची झाडं लावली आणि भेटीची खोली दुसऱ्या मजल्यावर ठेवली, कारण तिथून नदी दिसते. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

मग बाईंनी मला थेट कैदी बायकांपुढे ठेवलं. "राहणार तुम्ही, तर चुकाही तुम्हीच काढा," म्हणाल्या.

बायका माझ्याभोवती गोल बसल्या. माते म्हणजे आमच्याकडचा कडू पाल्याचा चहा; त्याचा पेला फिरू लागला. सगळ्यांत मिळून एकच पेला, एकच नळी. आपण ओढायचं आणि शेजारणीला भरून द्यायचं.

"बाई, जेवणघरात बाकं एका रांगेत ठोकलीत," एकजण म्हणाली. "मग माते फिरवायचा कसा? शेवटचीने पेला घेऊन पळत यायचं?"

बाई स्वतः दिवसभर माते पिणाऱ्या, तरी त्यांना हे सुचलं नव्हतं. त्या ओशाळल्या. बाकं तिथल्या तिथे गोल झाली.

त्यांच्यातली नेलिदा मात्र माझा जिना न्याहाळत होती. तिची दोन वर्षं भरली होती, तीन उरली होती. तिची आई एउसेबिया एक्क्याऐंशी वर्षांची, गुडघ्यांनी पार थकलेली. जुन्या तुरुंगातही भेटीची खोली दुसऱ्याच मजल्यावर आणि लिफ्ट कायमची बंद. त्यामुळे दर शनिवारी म्हातारी जिन्याखाली उभी राहायची, लेक जिन्यावर, कारण कैद्यांना खाली उतरायला बंदी, आणि दोघी ओरडून बोलायच्या. म्हातारीचं पोट साफ झालं की नाही, हे पहारेकरणींनाही ठाऊक असायचं. दोन वर्षांत मायलेकींनी एकमेकींना जवळून पाहिलं नव्हतं.

"नदी छान आहे, बाई," नेलिदा म्हणाली. "पण माझी आई काही नदी बघायला येत नाही."

कात्रीला बंदी, म्हणून तिने नखाने माझी भेटीची खोली उचकटली आणि कणकेच्या खळीने खाली फाटकाजवळ चिकटवली. मला राग आला, खोटं कशाला बोलू?

तुरुंग खात्याचे साहेब बेर्मूदेस यांनी फोनवरच नकार दिला. मंजूर नकाशात खोली वर आहे, ती वरच राहील. येऊन शेवटची सही करतो, म्हणाले.

"बैठक इथल्याच, वरच्या भेटीच्या खोलीत ठेवा," नेलिदाने बाईंना सुचवलं. "आणि नमुना साहेबांच्याच हातात द्या."

साहेब आले ते काखेत मातेच्या गरम पाण्याचा थर्मास घेऊन. आमच्याकडे माणूस एक वेळ टोपी विसरेल, थर्मास नाही. दोन्ही हातांत मी, काखेत थर्मास, कठडा धरायला हातच उरला नाही. जिन्याच्या पहिल्या वळणावर साहेबांनी इमारतीचं कौतुक केलं. दुसऱ्या वळणावर ते मला मांडीवर घेऊन पायरीवर बसले. त्यांच्या छातीची धडधड माझ्या छपराला लागत होती.

"थर्मास खाली ठेवा ना, साहेब," वरून नेलिदा म्हणाली.

"नको, राहू दे."

"वय काय तुमचं?"

"चौपन्न."

"माझ्या आईचं एक्क्याऐंशी."

साहेबांनी वर उरलेल्या पायऱ्या मोजल्या. चढायला दमच नव्हता.

"मी काही वर येत नाही," म्हणाले. "नकाशा इथे आणा." त्यांनी त्यावर खोली खाली आणल्याचं लिहिलं आणि माझ्या छपरावर टेकवून सही केली.

नवा तुरुंग उभा राहिला. पहिल्या शनिवारी मी भेटीच्या खोलीत फळीवर होतो. म्हातारी काठी टेकत सपाट जमिनीवरून आली, लेकीसमोर बसली आणि सवयीने बोंबलली, "नेलिदा, बारीक झालीस गं."

"नाही आई, जाड झालेय," नेलिदाही तेवढ्याच जोरात.

पहारेकरीण धावत आली. "अहो आजी, ती समोरच बसलीय."

म्हातारी थबकली. तिने लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि हळूच काहीतरी म्हणाली. मी हातभर अंतरावर होतो, तरी मला ऐकू आलं नाही. फार बरं वाटलं.

आता माझी झाडं पोरांनी उपटलीत, खळ मुंग्या खातायत. कधीतरी तुम्ही मला कचऱ्यात टाकाल. खुशाल टाका, माझी तक्रार नाही. फक्त शनिवारी टाकू नका.