वरची जागा, खालची जागा

धरणासाठी दोन जागा होत्या. वर खिंडीत बांधलं तर एकही घर उठणार नव्हतं, पण जुनं जंगल बुडणार होतं. खाली बांधलं तर जंगल वाचत होतं आणि एकतीस घरं पाण्याखाली जात होती. त्यातलं एक घर पाहणी करणाऱ्या इंजिनिअरबाईंच्या मामाचं होतं.

मामाचा फोन आलाच. "झाडं काय, कुठेही लावता येतात. तू आपली वरची जागा लिहून टाक."

"मामा, वरचे उतार भुसभुशीत आहेत. जंगल गेलं तर माती घसरून तलाव पंचवीस वर्षांत गाळाने भरेल."

तिने साहेबांना नातं सांगितलं आणि सगळा हिशेब दुसऱ्याकडून तपासून घेतला. उत्तर तेच आलं. अहवालात तिने खालचीच जागा सुचवली.

ते सांगायला ती स्वतः मामाकडे गेली. मामीने पाणी दिलं. मामा म्हणाला, "परक्याने सांगितलं असतं तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या."

"द्या की," ती म्हणाली.

तो उठून आत गेला. पुढचे सात महिने तिच्याशी बोलला नाही. ती सणसणीत उत्तराची वाट पाहत राहिली. ते आलं नाही, हेच तिला जास्त लागलं.

मग एका सकाळी फोन आला. "नवी जागा मिळालीय. विहीर कुठे खणावी, कळत नाही. माझा राग काही गेलेला नाही, पण पाण्यातलं तुलाच कळतं."

तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि निघाली.