विजार कोण घालतं

गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्याचे मालक म्हणजे बहीण-भावांतले धाकटे भाऊ, हे दारावरच्या पाटीवर लिहिलं होतं म्हणून बरं; एरवी कुणाच्या लक्षातही आलं नसतं. कापड किती घ्यायचं, कुठल्या मशीनवर कुणाला बसवायचं, सगळं ठरायचं कटिंगच्या टेबलाशी. आणि तिथे उभी असायची त्यांची थोरली बहीण. कारागीर तिला ताई म्हणत. मालकही ताईच म्हणत, फक्त जरा जास्त घाबरून.

परदेशी खरेदीदार बाई येणार म्हणून मालकांनी महिनाभर इंग्रजीचा क्लास लावला. शेवटच्या आठवड्यात मास्तरांनी अधिकार गाजवायचे वाक्प्रचार शिकवले. ‘आय कॉल द शॉट्स’, म्हणजे इथे हुकूम माझा. ‘आय वेअर द ट्राउझर्स’, म्हणजे विजार मी घालतो, म्हणजे चलती माझी. मालक खूश. आरशासमोर सराव करताना छाती अशी फुगली की शर्टाचं बटणच उडालं.

बाई आल्या. त्या टेकतात न टेकतात तोच मालकांनी दोन्ही वाक्यं एका दमात फेकली. बाईंनी आधी त्यांच्या विजारीकडे पाहिलं, मग इंग्रजीत विचारलं, “तीन हजार पँट पंधरा दिवसांत होतील?”

मालकांची मान सवयीने ताईकडे वळली. आकड्यांपुरतं इंग्रजी ताईला कळत होतं. तोंडात टाचण्या असल्यामुळे तिने नुसती मान हलवली. नाही.

“शी हॅज यू राउंड हर लिटल फिंगर!” बाई हसल्या.

हे क्लासात झालं नव्हतं. मालकांनी ताईच्या करंगळीकडे पाहिलं. तिच्यावर कात्री लागल्याचा जुना व्रण होता. “नो, नो,” ते घाईने म्हणाले, “दॅट इज सीझर. ओल्ड सीझर.”

बाईंना हसू आवरेना. मग त्यांनीच हातवारे करून समजावलं, ही तुम्हाला बोटावर नाचवते, असं म्हणायचं होतं. मशीनवरचे कारागीर माना खाली घालून खुसखुसले. मालकांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

“येस! फिफ्टीन डेज!”

ताईने टाचण्या काढल्या. “बावीस. त्याआधी होत नाही.”

“मालक मी आहे!”

“आहेस ना? मग काप.” तिने मापाची टेप त्यांच्या गळ्यात अडकवली आणि मागच्या खोलीत चहा प्यायला निघून गेली.

आता माघार कशी घ्यायची? साठ थरांचं कापड टेबलावर अंथरलेलंच होतं. मालकांनी कागदी साचा ठेवला, खडूने आखलं, कापायचं यंत्र फिरवलं. शेजारी पुन्हा तोच साचा, तसाच, न उलटता. कापून झाल्यावर इस्त्रीवाल्याने दोन तुकडे उचलून जोडून पाहिले.

“साहेब, दोन्ही पाय डावेच झाले.”

एक नाही, साठच्या साठ. बाईंनी घड्याळात पाहिलं.

मालक मागच्या खोलीत गेले. “ताई, चुकलं.”

“इंग्रजीत म्हण.”

“सॉरी.”

“आता बाहेर येऊन, सगळ्यांसमोर.”

मालक बाहेर आले आणि म्हणाले. जीभ जड झाली, पण म्हणाले. ताईने कपाळाला हात न लावता नवं कापड अंथरायला सांगितलं आणि बाईंना बावीस बोटं मोजून दाखवली, दोनदा दहा आणि वर दोन. बाईंनी मान्य केलं, आणि हस्तांदोलन आधी तिच्याशी केलं.

मालकांना वाईट वाटायला हवं होतं. पण पंधरा दिवसांचं ओझं मानेवरून उतरलं होतं; त्यांनी शांतपणे खुर्ची ओढली आणि त्या दिवसाचा पहिला चहा गरम असतानाच प्यायला.