मंजूर-नामंजूरमधली जागा

नणंदेला सक्तीच्या रजेवर पाठवून नऊ दिवस झाले होते. ती रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. सतरा वर्षं पिशव्या तपासत आलेली. एक दूषित पिशवी तिच्या हातून 'मंजूर' झाली. वॉर्डातल्या नर्सने वेळेवर पाहिलं म्हणून निभावलं, पण चौकशी लागली. एकटीला घर खायला उठतं म्हणून ती भावाकडे येऊन राहिली होती आणि दिवसभर स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसायची.

"मी 'नामंजूर'च दाबलं होतं गं," ती भावजयीला पुन्हा पुन्हा सांगायची. "का माझेच डोळे गेलेत?"

"असं नका म्हणू, ताई," एवढंच बोलून भावजय भाजी चिरत राहायची.

रक्तपेढीच्या संगणकातला प्रोग्रॅम भावजयीच्या कंपनीचा, हे नणंदेला ठाऊक होतं. पडद्यावरची बटणं भावजयीनेच मांडली आहेत, हे नव्हतं.

गेल्या वर्षी पेढीने 'पुन्हा तपासा' असं आणखी एक बटण मागितलं. तिथले मॉनिटर जुने, ओळीत जागा नव्हती. तिने सगळी बटणं सरकवून ते कसंबसं कोंबलं. मधलं अंतर बारा पिक्सेल होतं, ते दोनवर आलं; जेमतेम केसाएवढी फट. "फार चिकटली आहेत, साहेब," ती तेव्हा कंपनीतल्या वरिष्ठांना म्हणाली होती. साहेबांनी लांबूनच पाहून मान डोलावली होती.

दहाव्या दिवशी भावजय साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"चौकशी समितीला कळवायला हवं."

"काय, आपली चूक होती म्हणून?" साहेबांनी उठून दार लोटलं. "अंतर वाढव आणि नवी आवृत्ती आजच पाठव. टिपणात 'किरकोळ सुधारणा' लिही. विषय संपला."

"जुनी मांडणी पुसली जाईल. मग ताईंचं म्हणणं कोण खरं मानणार?"

"मग नको वाढवूस. उद्या आणखी कुणाचं बोट घसरलं, तर तू बघून घे."

ती जागेवर येऊन नुसतीच बसली. बदल केला तर नणंद कायमची दोषी. नाही केला तर तसलीच एखादी पिशवी कुणाच्या तरी हाताला लागणार. शेजारचे दोघं चहाला गेले, परत आले, तरी तिचा हात माउसवर तसाच होता.

मग तिने 'नामंजूर' खालच्या ओळीत, पार डाव्या टोकाला नेलं. त्याने शेऱ्याची चौकट पडद्याबाहेर ढकलली. ती आत घ्यायला तक्ता दोन ओळींनी कापला, की छापील अहवाल बिघडायचा. एक सोडवावं तर दुसरं अडकायचं. दुपार त्यातच गेली.

शेवटी टिपण लिहिलं: 'आधीच्या आवृत्तीत मंजूर आणि नामंजूर यांच्यात फक्त दोन पिक्सेल अंतर होतं. चुकून भलतंच बटण दाबलं जाऊ शकत होतं. ती मांडणी मी केली होती.' जुन्या पडद्याचं चित्र जोडलं आणि साहेबांना न विचारता नव्या आवृत्तीसोबत रक्तपेढीला आणि चौकशी समितीला पाठवून दिलं.

संध्याकाळी नणंदेला सगळं सांगितलं.

"वर्षभर माहीत होतं तुला?"

"बटणं जवळ आहेत, हे माहीत होतं."

"आणि मी इथे बसून रडत होते, ते नऊ दिवस?"

नणंद उठली आणि आत जाऊन कपड्यांची पिशवी भरू लागली.

समितीने नणंदेला कामावर परत घेतलं, पण नोंदणीच्या खिडकीवर. साहेबांनी भावजयीला काढलं नाही. तो प्रोग्रॅम दुसऱ्या कुणाला उलगडत नव्हता. तिचं टेबल केबिनच्या काचेसमोर आलं आणि तिचं प्रत्येक पत्र साहेब वाचूनच बाहेर सोडू लागले. तिने दोन ठिकाणी अर्ज केले. दोन्हीकडून आधी साहेबांनाच फोन आला.

दोन महिन्यांनी नणंदेने भावासाठी फोन केला, तो भावजयीने उचलला.

"ते बाहेर गेलेत, ताई."

"बरं. नवा पडदा बरा आहे म्हणतात सगळे."

"तुम्हाला कसा वाटला?"

"मला कुठे बघायला मिळतोय? तपासणीच्या खोलीत जायची बंदी आहे मला," नणंद म्हणाली आणि तिने फोन ठेवला.